चालती ठेवलेली गाडी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत तंजावर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तंजावरच्या मराठी माणसांपुढे बोलावयाचे म्हटले की काही विषय आपोआप डोळ्यांसमोर उभे राहतात. सरफोजी महाराजांचा ग्रंथसंग्रह, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख, सरस्वती महालातील मोडी दप्तर हे ते विषय होत. त्यांचे अधिकारी वक्ते या व्यासपीठावर येऊन गेले आहेत व पुढेही येतील. चिटणीसांनी आमच्याकडे सोपविलेल्या विषयाला मात्र तेलाचा आणि गंजाचा वास आहे. जुन्या छोट्या मोटारी घरच्या घरी उलगडून पुन्हा उभ्या करणे, हा तो विषय. पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेपुढे तो अगदीच अप्रस्तुत नाही, असे आमचे नम्र मत आहे. कारण जुनी वस्तू सांभाळणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न आम्हांला ग्रंथालयापेक्षा गाडीखाली आडवे पडल्यावर अधिक स्पष्ट दिसला.

प्रथम आम्ही म्हणजे कोण, ते सांगणे योग्य. एक निवृत्त शिक्षक, एक बँकेतील कर्मचारी, एक घड्याळे दुरुस्त करणारे गृहस्थ आणि तंत्रनिकेतनात शिकणारी दोन मुले, असा हा पाच जणांचा मेळ आहे. जागा म्हणजे एका जुन्या वाड्याच्या परसातील पूर्वीचा गोठा. गाई गेल्या, गव्हाणी राहिल्या. त्या गव्हाणींत आता आमचे पाने आणि नट-बोल्टांचे डबे असतात. रविवारी सकाळी काम सुरू होते आणि उन्हे चढली की थांबते. हा आमचा धंदा नव्हे. गेल्या अकरा वर्षांत तीन गाड्या पूर्ण झाल्या, यावरून आमचा वेग आपल्या ध्यानात येईल.

छोटी गाडी म्हटल्यावर आजच्या तरुणांना कोणती मूर्ती दिसते ते आम्हांस ठाऊक नाही. परंतु आपल्यापैकी ज्यांचे केस पिकले आहेत, त्यांना दोन नावे तात्काळ आठवतील. एक मुंबईच्या कुर्ला येथे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने घडविलेली फियाट, जी पुढे 'पद्मिनी' झाली. तिचे उत्पादन सुमारे २००० साली थांबले आणि मुंबईच्या रस्त्यांवरील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. दुसरी गाडी आपल्या या प्रांतातली, मद्रासची. शहराच्या दक्षिणेस वंडलूर-पेरुंगळत्तूर भागातील स्टँडर्ड कंपनीच्या कारखान्यात १९६१पासून १९७१पर्यंत 'हेरल्ड' तयार होत असे. मूळ गाडी इंग्लंडातील, १९५९ सालची. तिचा आकार रेखाटला तो मिकेलोत्ती या इटालियन कलावंताने. एका काळी तंजावर, कुंभकोणम, तिरुच्ची येथील डॉक्टर, वकील आणि मिरासदार यांच्या दारांत ही गाडी हमखास दिसे. आमच्या तिन्ही गाड्यांपैकी दोन हेरल्ड आहेत.

घरी बसून मोटारी घडविण्याचे वेड मराठी माणसाला नवीन नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांचे शिक्षण जेमतेम सातवीपर्यंतचे. परंतु त्यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे सुमारे पाव शतक 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने सिद्ध केले. सामान्य कुटुंबाला ती बारा हजार रुपयांत मिळावी, अशी त्यांची इच्छा होती. कारखान्याचा योग आला नाही, आणि ती बाजारात कधीच उतरली नाही. आम्ही नवी गाडी घडवीत नाही. दुसऱ्यांनी घडविलेली मोडू नये एवढेच पाहतो. परंतु लहान गावातील हातांना हे काम जमते, हा विश्वास अशाच माणसांनी दिला.

हेरल्ड ही घरगुती दुरुस्तीला फार सोयीची गाडी आहे. त्यामागे एक गमतीची हकीकत आहे. त्या काळी बहुतेक कारखाने चासी आणि बॉडी एकजीव असलेल्या गाड्यांकडे वळले होते. स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला बॉडी पुरविणारा कारखाना प्रतिस्पर्ध्यांनी विकत घेतल्यामुळे तिला बॉडीचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी करवून ते वेगळ्या चासीवर बोल्टांनी जोडण्याची युक्ती योजावी लागली. व्यापारातील ही अडचण पुढे घरी दुरुस्ती करणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. पुढची मडगार्डे आणि बॉनेट मिळून एकच टोपण, ते पुढे कलले की इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळे होते. माणूस चाकावर बसून काम करू शकतो. इंजिन ९४८ घन सेंटिमीटरांचे, चार सिलिंडरांचे. दोन माणसांनी आणि एका चेनपुलीने सहज उतरते. शिवाय ही गाडी सुमारे पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते. आपल्या वाड्याभोवतालच्या बोळांतून ज्यांनी कधी गाडी हाकली असेल, त्यांना या गुणाचे मोल सांगावयास नको.

आता दुसऱ्या हेरल्डची गोष्ट सांगतो, कारण आमचे म्हणणे तिच्यातच सामावलेले आहे. ही १९६९ सालची, चार दारांची गाडी. तिच्या मालकांना देवाज्ञा होऊन पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सारेच अक्का म्हणतो, त्या घरीच असतात. मुले परगावी आहेत. गाडी बावीस वर्षे छपराखाली उभी होती. कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत जो पाऊस होतो, त्याची ओल बावीस वेळा त्या पत्र्यात मुरली होती. दारांच्या तळाची पाणी निथळण्याची भोके मातीने बुजलेली, चासीच्या बाजूच्या आडव्या पट्ट्या चाळणी झालेल्या, आणि इंजिन जाम.

गाडीविषयी घरात तीन मते होती. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला होता. एक मत त्याच्या बाजूचे. गावातील एका वर्कशॉपने सांगितले की इंजिन संपले आहे, आजच्या एखाद्या छोट्या गाडीचे इंजिन आणि गिअरबॉक्स बसवून देतो. दुसरे मत या बाजूचे. थोरल्या चिरंजिवांचे मत असे की बाहेरून रंगरंगोटी करून गाडी दिवाणखान्यासमोर शोभेसाठी ठेवावी. वडिलांची आठवण म्हणून ती तेथे राहील. अक्कांनी तिन्ही मते ऐकून घेतली आणि आम्हांस बोलावून एकच प्रश्न विचारला, "ही गाडी मला कुंभकोणमला नेईल का? नेणार असेल तर कामाला लागा. नुसती पाहायची असेल तर त्यांचा फोटो भिंतीवर आहेच."

कुंभकोणम येथून सुमारे चाळीस किलोमीटर. अक्कांचे माहेर तेथले.

कामाचा क्रम पुष्कळांना उलटा वाटतो. लोक प्रथम इंजिन सुरू करून पाहतात. आम्ही प्रथम ब्रेक पाहतो, कारण जी थांबत नाही ती चालविण्यात अर्थ नाही. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते आणि आतल्या आत सिलिंडर गंजवते. सारी रबरे, सारे नळ नवे घातले. मग इंजिन. स्पार्क प्लगच्या भोकांतून पातळ तेल सोडून आठ दिवस स्वस्थ बसलो. नवव्या दिवशी क्रँकच्या टोकाला पाना लावून रोज केसभर, पुढे आणि मागे, असे हलविले. जोर केला असता तर पिस्टनच्या रिंगा तुटल्या असत्या. पाचव्या दिवशी ते फिरले. उलगडून मापल्यावर सिलिंडर अंडाकार झिजलेले आढळले. परंतु झिजणे म्हणजे संपणे नव्हे. तीस थाउ बोअर करून त्या मापाचे मोठे पिस्टन बसविले. एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरचा सुमारे चाळीसावा हिस्सा. एवढ्या फरकासाठी लेथवर दिवस घालविणारे कारागीर आपल्या गावात अजून आहेत, ही आपली श्रीमंती आहे.

या लेथवाल्या वृद्ध गृहस्थांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांची भाषा तमिळ, आमची मराठी. अण्णा हा शब्द दोघांचाही, त्यामुळे नात्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला. हेरल्डच्या पुढच्या चाकाजवळ ब्राँझचा एक आटे असलेला ठोकळा असतो, त्याला ट्रनिअन म्हणतात. चाक वळते तेव्हा उभा दांडा या आट्यांत फिरतो. कारखान्याच्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे की येथे ग्रीस नव्हे, गिअरचे जाड तेल घालावे. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही. आत पाणी साचते, दांडा गंजतो आणि एके दिवशी चाक आडवे पडते. पूर्वीच्या कोणा मेकॅनिकने वर्षानुवर्षे ग्रीसच भरले होते. अण्णांनी तो ठोकळा हातात घेऊन बोटाने आतले आटे चाचपले, दांड्यावरचा गंजाचा वळसा दाखविला आणि म्हणाले की धातू चांगला आहे, याला फक्त कोणी विचारले नाही. ज्या प्रदेशात स्वामीमलैचे स्थपती मेणाच्या साच्यातून पंचधातूच्या मूर्ती ओततात आणि नाचियारकोविलचे कारागीर पितळी समया घडवितात, तेथील माणसाच्या बोटांना ब्राँझ कळावे यात नवल ते काय?

आता मुख्य प्रश्न. जुने किती ठेवावे आणि नवे किती घालावे? आमच्या गोठ्यात यावर पुष्कळ वाद झाले आणि अखेर आम्ही भागांचे तीन वर्ग केले. पहिला वर्ग झिजण्यासाठीच जन्मलेल्या भागांचा: ब्रेकची अस्तरे, रबरे, बेअरिंगा, रिंगा, पट्टे. येथे जुन्याचा मोह धरणे हा वेडेपणा होय. नवे आणि शक्य तितके उत्तम घालावे. दुसरा वर्ग टिकावू भागांचा: इंजिनचा ब्लॉक, गिअर, चासी. हे बदलू नयेत, दुरुस्त करावेत. कारण त्यांच्यातच गाडीची चाल असते. वर्कशॉपने सुचविलेले नवे इंजिन बसविले असते तर गाडी कदाचित अधिक वेगाने धावली असती, पण ती हेरल्ड राहिली नसती. हेरल्डचा झगा घातलेली दुसरीच कोणी झाली असती. तिसरा वर्ग आहे तो ज्यांच्यावरून गाडी ओळखली जाते अशा भागांचा. आणि येथेच चार दारांच्या हेरल्डने आम्हांला खरा धडा दिला.

इंग्लंडात या गाडीचे चाहते पुष्कळ आहेत आणि तिचे कित्येक सुटे भाग तेथे आजही नव्याने तयार होतात. आम्हीही काही मागविले. परंतु मूळ इंग्रजी हेरल्ड दोन दारांचीच होती. चार दारांची बॉडी १९६८च्या सुमारास मद्रासला योजली गेली, येथल्या कुटुंबांसाठी. मागच्या बाकावर आजी-आजोबांना चढता-उतरता यावे म्हणून. ती जगात अन्यत्र कोठेही झाली नाही. अर्थात तिची मागची दारेही अन्यत्र कोठे मिळत नाहीत. चेन्नईच्या पुदुपेट बाजारात दोन दिवस हिंडलो, आणि जे एक दार मिळाले ते आमच्या दारांहून अधिक कुजलेले निघाले. तेव्हा मागच्या दोन्ही दारांचा खालचा वीतभर पत्रा कापून, नवा पत्रा हाताने ठोकून त्याच वळणाचा करावा लागला. डेंटिंगला इकडे टिंकरिंग म्हणतात. ते करणाऱ्या कारागिराने एका दारासाठी तीन आठवडे घेतले.

त्या तीन आठवड्यांत आमच्या मनात जो विचार घोळत होता, तो येथे बोलून दाखविला तर आपण क्षमा कराल. आपली तंजावरची मराठी अशीच नव्हे काय? मूळ दुसरीकडचे, पण सुमारे साडेतीनशे वर्षे येथे राहून, येथल्या घरांच्या गरजेप्रमाणे तिने जी दारे काढली, ती पुण्यात नाहीत, नागपुरात नाहीत. पुण्याहून येणारे पाहुणे आपले बोलणे ऐकून प्रेमाने हसतात आणि कोणी ते शुद्ध करून देण्याची तयारी दाखवितात. ते म्हणजे दुसरे इंजिन बसवून देणे होय. हे दार कुजले तर त्याचा सुटा भाग कोणत्याही बाजारात मिळणार नाही. ते येथेच, आपल्याच हातांनी ठोकावे लागेल.

गाडी उभी राहिली. परंतु वापरात ठेवण्याचे दोन प्रश्न उरले, आणि ते आजच्या काळाचे आहेत. पहिला पेट्रोलचा. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात २०००च्या आरंभी बंद झाले. त्यासाठी व्हॉल्व्हच्या बैठकी कठीण पोलादाच्या करून घेतल्या. २०२५पर्यंत वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर पोहोचले. ते जुन्या रबराला फुगविते वा चिरते, आणि हवेतील पाणी ओढून घेऊन टाकीच्या तळाशी गंज धरविते. यावर उपाय आहेत: इथेनॉलला दाद न देणाऱ्या नळ्या, पेट्रोलपंपाचा नवा पडदा, चांगला फिल्टर. परंतु सर्वांत मोठा उपाय असा की टाकीत पेट्रोल महिनोन्महिने राहू देऊ नये. म्हणजे गाडी चालवावी. जी धावते तिला हे पेट्रोल फारसे बाधत नाही. जी उभी राहते तिला ते आतून खाते.

दुसरा प्रश्न कायद्याचा. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी ठरविली. त्या गाड्यांना क्रमांकात 'व्ही ए' ही अक्षरे असलेली पाटी मिळते. मान मोठा आहे. पण अट अशी की नित्याच्या वापरासाठी ती गाडी रस्त्यावर आणावयाची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर पडू शकते. दुसरा मार्ग साध्या नोंदणीचा: दर पाच वर्षांनी निरीक्षकांपुढे गाडी उभी करावयाची आणि नूतनीकरणाचे शुल्क भरावयाचे, जे २०२२ साली पुष्कळ वाढले आणि वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२५ साली आणखी वाढले. आमच्यापैकी दोघांचे मत मानाच्या पाटीकडे झुकले होते. त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. अशी नोंदणी असेल तर उद्या कोणी मूळ इंजिन काढून टाकण्याचे धाडस करणार नाही. अक्कांपुढे दोन्ही बाजू मांडल्या. त्या म्हणाल्या, "कुंभकोणमला जाणे हे रॅलीत बसते का?" बसत नाही, असे सांगितल्यावर त्यांनी साधी नोंदणी निवडली, आणि शुल्काचे पैसे मोजून समोर ठेवले. सारा खर्च गाडीच्या बाजारभावाहून अधिक झाला, हे त्यांना ठाऊक होते.

अलीकडे महिन्यातून एकदा ती गाडी कुंभकोणमला जाते. अक्का मागच्या बाकावर बसतात. त्या दारांतून, जी केवळ अशाच बसणाऱ्यांसाठी काढली होती.

मंडळाच्या चालकांपुढे आता दोन साध्या सूचना ठेवून थांबतो. गोठ्यात आम्ही एक वही ठेवली आहे. कोणता बोल्ट कोठला, कोणत्या तारेचा रंग कोणता, कोणते माप किती, हे सारे रविवारच्या रविवार मराठीत लिहिले जाते. ज्या शब्दाला आम्ही तमिळच वापरतो तो तमिळच लिहिला जातो. स्क्रू-ड्रायव्हरला आमच्या वहीत 'तिरुप्पुळी'च म्हटले आहे. सरस्वती महालातील मोडी कागदांत आज अभ्यासक जे शोधतात, त्यात मोठा भाग रोजच्या हिशेबांचा आणि कारभाराचा आहे. लिहिणाऱ्यांनी तो इतिहास म्हणून लिहिला नव्हता. आपापल्या व्यवसायाची अशी वही प्रत्येक घराने आपल्या बोलण्यातल्या मराठीत ठेवावी, ही पहिली सूचना. दुसरी अशी की मंडळाच्या सभांत घरच्या मराठीतच बोलावे, विशेषतः लहान मुलांशी. छापील मराठीची पाटी लावून तिला उत्सवापुरते बाहेर काढण्याने ती सुरक्षित राहील, असे मानू नये. आमच्यातील तंत्रनिकेतनातील मुलांना गोठ्यात येईपर्यंत मराठी केवळ समजत असे. पान्याची मापे मागता मागता ती बोलू लागली. त्यांच्या उच्चारांवर हसणारा तेथे कोणी नव्हता आणि काम अडलेले होते, एवढेच त्याचे कारण.

ज्यांच्या परसात, छपराखाली वा वखारीत जुनी गाडी उभी असेल, त्यांनी ती भंगारात देण्यापूर्वी एकदा आम्हांस दाखवावी. चालू होईल असे वचन देत नाही; मापून मात्र नक्की पाहू.